कुणाला न कळलेली चूक

मागच्या नोव्हेंबरात एका बुधवारी दुपारी मी तीस-पस्तीस लोकांसमोर चेलो वाजवताना चुकले. कुणालाच कळलं नाही. उलट त्या चुकीचं कौतुक झालं.

मी मॉर्टन फेल्डमन या अमेरिकन संगीतकाराची 'प्रोजेक्शन १' नावाची रचना वाजवत होते. एकट्या चेलोसाठी लिहिलेली, जेमतेम तीन मिनिटांची. पहिलं मिनिट नीट गेलं. मग मागच्या रांगेत कुणाची तरी पाण्याची बाटली पडली, माझी नजर वर गेली, आणि परत कागदावर आली तेव्हा मी कुठे होते तेच सापडेना. अशा वेळी थांबायचं असतं, किंवा निदान अंदाजाने पुढची ओळ पकडायची असते. मी दोन्ही केलं नाही. चेहरा तसाच गंभीर ठेवला आणि पुढचं मिनिटभर मनाला येईल ते वाजवलं. एक लांब शांतता, एक तुटक सूर, परत शांतता. शेवटची ओळ ओळखीची होती. तिथे येऊन मिळाले आणि गज उचलला.

टाळ्या झाल्या. मग प्रश्नोत्तरं. एका विद्यार्थ्याने विचारलं, "इतकं स्वातंत्र्य असताना तुम्ही निर्णय कसे घेता?" मी म्हणाले, "स्कोअरची शिस्त काटेकोर पाळली की स्वातंत्र्य आपोआप मिळतं." हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी एक आजोबा आले. म्हणाले, मधला भाग फार जिवंत वाटला, तिथे तू खरंच ऐकत होतीस. मी म्हणाले, थँक यू.

आठवड्याने माझ्या गाईडने रेकॉर्डिंग ऐकलं आणि कळवलं, आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं हेच, पीएचडीत हेच घालू.

*

आधी पीएचडीबद्दल सांगते, कारण 'चेलो वाजवून डॉक्टरेट मिळते?' हा प्रश्न मला पुण्यातल्या प्रत्येक लग्नात विचारला जातो. मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात शिकते. इथे 'प्रॅक्टिस-बेस्ड रिसर्च' नावाचा प्रकार असतो. त्यात तुम्ही संगीताबद्दल फक्त लिहीत नाही, वाजवणं हाच संशोधनाचा भाग असतो. शेवटी रेकॉर्डिंग्ज आणि त्यांच्यावरचं लेखन असं दोन्ही मिळून परीक्षकांकडे जातं. प्रयोगशाळेतल्या माणसाकडे जशी वही असते, तशी माझ्याकडे रेकॉर्डिंग्ज आहेत. मराठीत तर ही गोष्ट एका शब्दातच बसते. नाटकाचाही प्रयोग असतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोगच असतो. मी दोन्ही अर्थांनी प्रयोग करते.

माझा विषय आहे अनिर्धारित संगीत, म्हणजे ज्यात संगीतकार काही गोष्टी मुद्दाम ठरवत नाही, त्या वाजवणाऱ्यावर सोडतो. 'प्रोजेक्शन १' हे त्याचं अगदी सुरुवातीचं उदाहरण. १९५० साली फेल्डमन चोवीस वर्षांचा होता तेव्हाचं. स्कोअर बघाल तर आलेखाच्या कागदासारखा दिसतो, त्यात लहानमोठे चौकोन. चौकोन वर असेल तर सूर वरचा, मधे असेल तर मधला, खाली असेल तर खालचा. ढोबळमानाने आपल्या तार, मध्य, मंद्रासारखं. चौकोन किती रुंद, त्यावर सूर किती वेळ धरायचा ते ठरतं. गजाने वाजवायचा, बोटाने छेडायचा, की तारेला नुसता स्पर्श करून बासरीसारखा पोकळ सूर काढायचा, तेही लिहिलेलं असतं. पण नेमका कोणता सूर? तो तुमचा तुम्ही निवडायचा.

हे मी आईला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग आपल्याकडे शेकडो वर्षं हेच चाललंय की! कुमार गंधर्व काय कागद समोर ठेवून गायचे?"

मला क्षणभर वाटलं, खरंच की. मग लक्षात आलं की फरक आहे, आणि माझी सगळी अडचण त्या फरकातच आहे. ख्याल गाणारा जागेवर सुचेल ते गातो, पण त्याच्या अवतीभवती साक्षीदार बसलेले असतात. भूपात चुकून मध्यम लागला तर पहिल्या रांगेतल्या काकांची डोलणारी मान थांबते. सम चुकली तर तबलजीला कळतं, पेटीवाल्याला कळतं, दाराशी उभ्या असलेल्या पोरालाही काहीतरी घसरल्याचं कळतं. स्वातंत्र्य आहे, पण ते भर चौकातलं आहे.

फेल्डमनच्या चौकोनात मी कोणताही सूर वाजवला तरी तो बरोबरच. लय नेमकी पाळली का, वरच्या ऐवजी मधला सूर घेतला का, हे कुणी स्कोअर आणि स्टॉपवॉच घेऊन बसलं तर पकडता येईल. पण कोण बसतं? बाखचा एखादा सूट वाजवताना मी घसरले, तर तो घरी लूपवर ऐकणाऱ्या शंभर जणांना कळेल. इथे माझ्या चुकीला साक्षीदार एकच, मी.

*

आता सरळ विचारते. कुणाला कळलंच नाही तर बिघडलं काय?

काही बिघडलं नाही, असं म्हणायला चांगली कारणं आहेत. फेल्डमन १९८७ मध्ये वारला, त्याला काही फरक पडत नाही. ऐकणाऱ्यांना आनंद झाला. आजोबांना तर तोच भाग आवडला. माझ्या वर्गातला एक मित्र म्हणाला, "तू मधलं मिनिट तिथल्या तिथे रचलंस, आणि ते चांगलं झालं. याला चूक का म्हणतेस? भेट म्हण."

मी दोन दिवस त्याचं ऐकलं. बरं वाटत होतं. पण मग मला आंबे आठवायला लागले. समजा, कुणी देवगडचा हापूस म्हणून दुसरीकडचा आंबा विकला. गिऱ्हाईकाने चवीने खाल्ला, पोरांनी कोय चाटूनपुसून साफ केली. आंबा गोडच होता. तरीही पेटीवर लिहिलेलं खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं. आंब्याची गोडी त्या खोट्याला पुसून टाकत नाही, फक्त झाकते.

मी पेटीवर 'फेल्डमन' लिहिलं आणि आत माझा माल भरला. शिवाय प्रश्नोत्तरांत गिऱ्हाईकाला देवगडच्या मातीचे गुणही सांगितले.

*

पण या गोष्टीत मला खरा धक्का वेगळ्याच ठिकाणी बसला.

कॉन्सर्टच्या आधीच्या चार महिन्यांत मी ही रचना घरी चाळीस वेळा रेकॉर्ड केली होती. पीएचडीच्या प्रस्तावात मी एक वाक्य लिहिलं होतं, त्याचा आशय असा की प्रत्येक वेळी वाजवताना ही रचना नव्याने घडते. ते वाक्य सगळ्यांना आवडलं होतं. अपराधीपणा घालवायला काहीतरी काम हवं म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मी ती चाळीसही रेकॉर्डिंग्ज ऐकत बसले आणि कोणत्या चौकोनात कोणता सूर घेतला त्याचा तक्ता केला.

तक्ता पूर्ण झाल्यावर मी लॅपटॉप बंद करून बाहेर फिरायला गेले. वरच्या सुराचा चौकोन आला की माझं बोट सगळ्यात पातळ तारेवर, ठरलेल्या दोन-तीन जागी जात होतं. तीन-चार अपवाद सोडले तर प्रत्येक वेळी. खालच्या चौकोनात तर सर्वांत जाड तार मोकळी सोडायची, झालं काम. चाळीस वेळा मी मोकळी होते आणि चाळीस वेळा मी जवळपास तेच वाजवलं.

फोनच्या कीबोर्डवर सुचवलेला मधला शब्द दाबत गेलं की एक वाक्य तयार होतं, माहीत आहे ना? वाक्य आपणच लिहिलेलं असतं आणि आपण काहीच लिहिलेलं नसतं. माझी बोटं तेच करत होती. लहानपणी रविवारी डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन जे धडे गिरवले, ज्यासाठी शेजारच्या प्रवाशांना 'नाही काकू, हे मोठं व्हायोलिन नाही' असं सांगत राहिले, ते सगळे धडे बोटांत साठलेले आहेत. त्यांच्यावर सोडलं की ती आपल्या सवयीच्या वाटेने घरी जातात. आणि आजोबांना जे मिनिट जिवंत वाटलं होतं? त्याचाही तक्ता केला. त्यात तर एकही नवा सूर नव्हता.

फेल्डमनलाही हे कळलं होतं. पुढे त्याने लिहिलं की या आलेखांमुळे सूर मोकळे व्हावेत असं त्याला वाटत होतं, पण मोकळा झाला तो वाजवणारा. आणि तो दोष आहे असं त्याला जाणवलं. त्याने ही पद्धत सोडली, काही वर्षांनी पुन्हा धरली, आणि १९६७ नंतर कायमची सोडून दिली. नंतरच्या रचनांत त्याने प्रत्येक सूर लिहून दिला.

त्याचा मित्र जॉन केज याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने आला. १९४६ च्या सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कमध्ये होत्या. त्या केजकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि त्याला भारतीय संगीताबद्दल सांगितलं. संगीत कशासाठी, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं, त्याचा मथितार्थ म्हणजे मन शांत करण्यासाठी. हे उत्तर केजने आयुष्यभर जवळ बाळगलं. पुढे त्याने नाणी उडवून, नक्षत्रांचे नकाशे वापरून रचना केल्या, त्या यासाठीच की आपली आवड-नावड मधे येऊ नये. प्रयोग म्हणजे ज्याचं फळ आधी ठाऊक नाही अशी कृती, असं तो म्हणायचा. त्या कसोटीवर माझे चाळीस प्रयोग हे प्रयोगच नव्हते. फळ माझ्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं.

*

मग काय, संगीतकार सांगेल ते मुकाट्याने करायचं? असंही मला वाटत नाही. तीन गोष्टी सांगते.

फेब्रुवारी १९६४. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, संचालक लेनर्ड बर्नस्टाइन, आणि नक्षत्रांच्या नकाशांवरून केलेली केजची 'ॲटलास इक्लिप्टिकॅलिस'. वादकांच्या वाद्यांना मायक्रोफोन लावले होते आणि त्यांना बरंच स्वातंत्र्य होतं. त्यातल्या काहींनी लिहिलेलं सोडून भलतंच वाजवलं, मायक्रोफोनमध्ये शिट्ट्या मारल्या, टवाळी केली. जगातल्या सर्वोत्तम वाद्यवृंदांपैकी एक. ब्राह्म्सच्या सिंफनीत यांतल्या एकाचीही असं करायची हिंमत झाली नसती, कारण तिथे पकडलं गेलं असतं.

दुसरी गोष्ट शार्लट मूरमन या चेलोवादिकेची. केजची १९५५ ची तंतुवादकासाठीची एक रचना आहे, तिचं नावच तिची लांबी आहे: २६ मिनिटं १.१४९९ सेकंद. स्कोअरमध्ये चार तारांसाठी जागा आहे आणि सगळ्यात खाली इतर आवाजांसाठी एक पट्टा, त्यात काय भरायचं ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. मूरमनने तिथे तिच्या काळची सगळी अमेरिका आणून ओतली. बातम्या, स्फोटांचे आवाज, घरातल्या वस्तू. एका भागात तर नाम जून पाइक हा कलाकार उघड्या पाठीवर तार ताणून तिच्यापुढे बसायचा आणि ती त्यालाच चेलो समजून वाजवायची. केजला हे अजिबात आवडलं नाही. पण मूरमन वर्षानुवर्षं ही रचना वाजवत राहिली. तिची प्रत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संग्रहात आहे, पानं शेऱ्यांनी भरलेली.

तिसरी डेव्हिड ट्यूडर या पियानोवादकाची. फेल्डमन आणि केजच्या असल्या मोकळ्या रचना हातात आल्या की तो त्यातल्या बऱ्याचशा घरी बसून मोजूनमापून साध्या स्वरलिपीत लिहून काढायचा आणि मंचावर ते लिहिलेलं वाजवायचा. म्हणजे मंचावर काहीच 'सुचत' नव्हतं. तरी केजचा सर्वांत विश्वासू वादक तोच.

या तिघांत मी फक्त आज्ञाधारकपणा मोजला तर मूरमन वाद्यवृंदाच्या रांगेत जाऊन बसते. मला ते पटत नाही. वाद्यवृंदातल्या त्या लोकांनी मोकळी जागा पाहिली आणि तिथे काहीच करावं लागणार नाही असं समजले. मूरमनने आणि ट्यूडरने तीच जागा पाहिली आणि आता जास्त काम आहे असं समजले. मूरमनचं केजशी भांडण होतं आणि ते उघड होतं. चूक असेल तर दिवसाढवळ्या केलेली होती, तिच्या स्वतःच्या सहीनिशी.

त्या बुधवारी मी कुठे बसले होते? टवाळी केली नाही, हे खरं. पण काम टाळलं, आणि वर तोंड गंभीर ठेवलं. मला वाटतं, शिट्टी मारणारा माझ्यापेक्षा थोडा प्रामाणिक होता.

*

जानेवारीत मी एका क्लॅरिनेटवाल्या मैत्रिणीबरोबर ख्रिश्चन वुल्फची 'फॉर १, २ ऑर ३ पीपल' ही १९६४ ची रचना बसवायला घेतली. यातही बरंच काही मोकळं आहे, पण एक गोष्ट पक्की आहे. तुम्ही कधी सुरू व्हायचं आणि कधी थांबायचं, हे अनेकदा दुसऱ्याच्या सुरावर अवलंबून असतं. समोरचा सूर सुरू झाला की तुमचा सुरू, आणि तो संपेपर्यंत तुमचा धरून ठेवायचा.

तिसऱ्या तालमीत मी पुन्हा हरवले. आणि सवयीने पुन्हा तेच केलं. चेहरा शांत ठेवला आणि एक सूर लांबवत राहिले. चेलोचा गज वळवत राहिलं की सूर कितीही वेळ चालतो. माझा सूर थांबेपर्यंत तिला तिचा धरायचा होता, आणि क्लॅरिनेट श्वासावर चालतो. ती धरत राहिली. तिचा चेहरा लाल झाला, सूर थरथरला, आणि तुटला. वाद्य खाली ठेवून तिने दोन-तीन मोठे श्वास घेतले आणि विचारलं, "तू होतीस कुठे?"

रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण माझ्यावर विसंबून तिने श्वास धरला होता.

त्या रात्री मला ते आजोबा आठवले. ते म्हणाले होते, तिथे तू खरंच ऐकत होतीस. मी ऐकत नव्हते, मी लपले होते. ऐकत होते ते. मधलं ते सगळं मिनिट त्यांनी माझ्यावर विसंबून श्वास धरला होता, आणि तो मला ऐकू आला नव्हता इतकंच. 'कुणाचं काही बिघडलं नाही' हे माझं उत्तर तिथे कोसळलं. कुणी पकडत नाही याचा अर्थ कुणी विसंबलेलं नाही असा होत नाही. उलट, जिथे पकडता येत नाही तिथे समोरच्याकडे विसंबण्यापलीकडे दुसरं काही नसतंच.

*

ते रेकॉर्डिंग मी प्रबंधात ठेवलं. काढून टाकलं असतं तरी कुणी विचारलं नसतं, म्हणूनच ठेवलं. शेजारी लिहिलं की या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंतचं वादन फेल्डमनच्या स्कोअरमधलं नाही. चाळीस रेकॉर्डिंग्जचा तक्ता जोडला आणि 'नव्याने घडते' हे वाक्य खोडलं. गाईड थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "हे लिहायलाच हवं का? परीक्षक याच्यावरच धरतील." मग म्हणाली, "लिही. पण नीट लिही."

यातही एक गंमत आहे, ती लपवायची नाही. कबुलीमुळे ते प्रकरण आधीपेक्षा रंगतदार झालंय. वाचणाऱ्यांना आवडतंय. म्हणजे त्या एका चुकीचा मला दुसऱ्यांदा फायदा होतोय. प्रामाणिकपणाचाही प्रयोग लावता येतो, हाउसफुल्ल. यावर माझ्याकडे उपाय नाही. लक्ष ठेवते, एवढंच.

आता ट्यूडरसारखं करते. फासे टाकून सूर ठरवते, लिहून काढते, बोटांना नको असलेल्या जागी जायला लावते. रोज सकाळी अर्धा तास. बोटं कुरकुर करतात.

मार्चमध्ये त्याच हॉलमध्ये 'प्रोजेक्शन १' पुन्हा वाजवली. या वेळी हरवले नाही. चौकोन न् चौकोन वाजवला. आजोबा तिसऱ्या रांगेत होते. चहाच्या टेबलापाशी आले आणि जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? मागच्या वेळी जास्त आवडलं होतं."

मग मी त्यांना सांगून टाकलं. बाटली पडली ती, ओळ हरवली ती, थँक यू म्हणाले तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे ते मिनिट तुझं होतं," ते म्हणाले. "मग तुझ्या नावावर वाजव की."

त्या मिनिटात एकही नवा सूर नव्हता, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तेही सांगायला हवं होतं. पुढच्या बुधवारी ते आले तर सांगेन.